रास्पबेरी पायला ब्लूटूथ कीबोर्ड पेअर होत नाहीये, बाबांसाठी सेटअप करतेय, मदत हवी

रामबागची_लेक | शनिवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. दोन दिवस डोकं लावून झालं, आता तुम्हीच बघा.

माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत, मिलमध्ये टाइम ऑफिसला होते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघायच्या ना, म्हणजे सजवलेले चित्ररथ, त्या बनवायच्या टीममध्ये ते कितीतरी वर्षं होते, बांबू कुठून यायचा, मोटर कोण बसवायचं, रात्रभर कोणत्या रस्त्याने मिरवणूक फिरायची, सगळं त्यांना तोंडपाठ आहे आणि ते आता त्यांना लिहून काढायचंय. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लॅपटॉपवर वाकून बघितलं की मान धरते, म्हणून मी हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय ४ हा छोटासा कॉम्प्युटर लावला, ४ जीबीवाला. अक्षरं मोठी करून ठेवली, ते आरामखुर्चीत बसून कीबोर्ड मांडीवर घेऊन लिहितील असा विचार. वायर नकोच, कारण खुर्ची ते टीव्ही मधे सगळ्यांचं येणंजाणं आहे, आई त्यात अडकून पडली तर काय करायचं.

कीबोर्ड ब्लूटूथचा आहे, नवीन नाही, माझ्या भाच्याचा, तो टॅबला लावायचा. त्याच्यावर १, २, ३ अशी तीन बटणं आहेत. पायवर बुकवर्म व्हर्जनची सिस्टीम आहे, वर कोपऱ्यात ब्लूटूथचं चिन्ह दिसतं, ॲड डिव्हाइस केलं की कीबोर्ड लिस्टमध्ये येतो, कधी नावाने येतो, कधी नुसता आकड्यांचा पत्ता येतो. पेअर दाबलं की थोडा वेळ फिरतं आणि पेअरिंग फेल्ड. एकदा सहा आकडे स्क्रीनवर चमकून गेले, मला वाटलं काहीतरी एरर कोड आहे, वाचेपर्यंत गेले.

सध्या यूएसबी कीबोर्डची वायर ताणून काम चालू आहे. पाय फोन किंवा लॅपटॉपला लगेच दिसतो, म्हणजे ब्लूटूथ मेलेलं नसावं.

जेल_रोडवाला | शनिवार, रात्री १०.४१

ताई, ते सहा आकडे म्हणजेच सगळी चावी आहे, एरर नाही ती. पण आधी तीन गोष्टी सांगा. एक, कीबोर्डचा दिवा कसा लुकलुकतो, हळू हळू का भराभर? बहुतेक कीबोर्डमध्ये हळू म्हणजे तो जुन्या डिव्हाइसला शोधतोय, भराभर म्हणजे नवीन पेअरिंगला तयार आहे, लोक हळू लुकलुकताना पेअर करायला जातात आणि मग मशीनला दोष देतात. दोन, भाच्याचा टॅब घरातच आहे का आणि त्याचं ब्लूटूथ चालू आहे का? तीन, पायला पॉवर कशाने देताय, मोबाइलचा चार्जर तर नाही? दुकानावर असे जे केस येतात त्यातले कितीतरी ह्या तिसऱ्या प्रश्नावरच सुटतात.

पोहे_जिलबी | शनिवार, रात्री ११.०५

ताई मी एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला थर्ड इयरला आहे, प्रोजेक्टसाठी पाय खूप वापरलाय. माझं मत विचाराल तर ब्लूटूथ सोडा आणि डोंगलवाला, म्हणजे यूएसबीला लावायच्या छोट्या रिसीव्हरवाला, वायरलेस कीबोर्ड घ्या. डोंगल आणि कीबोर्ड कंपनीतूनच एकमेकांना जोडून येतात, पेअरिंग नाही, कोड नाही, डोंगल लावला की पायला तो साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो, आणि सिस्टीम सुरू व्हायच्या आधीपासून चालतो. ब्लूटूथ कीबोर्ड तसा चालत नाही, सिस्टीम वर आल्यावरच जागा होतो. सिल्व्हर मॉलमध्ये कुठल्याही दुकानात मिळेल. काकांना वय झालंय, त्यांना रोज उठून ब्लूटूथची कटकट नको.

रामबागची_लेक | शनिवार, रात्री ११.३०

दिवा बघितला. हळू लुकलुकतो! आणि टॅब इथेच आहे, भाचा सुट्टीला आलाय, बाजूच्या खोलीत झोपलाय टॅब उशाशी घेऊन. चार्जर मोबाइलचाच आहे, पण चांगल्या फोनचा आहे हो. टीव्हीवर कोपऱ्यात मधून मधून पिवळी वीज चमकते खरी, मला वाटायचं ती टीव्हीचीच काहीतरी खूण असेल.

पोहे_जिलबी, तुझं म्हणणं पटतंय, पण ह्या कीबोर्डची बटणं मोठी आहेत आणि दाबायला मऊ आहेत, बाबांच्या बोटांना तोच बरा वाटतो, त्यांनी हातात घेऊन बघितलाय. म्हणून एकदा हा चालतो का ते बघायचंय.

टर्मिनल_काका | रविवार, सकाळी ७.१५

सुप्रभात. मी निवृत्त टेलिकॉमवाला, रेडिओवर आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल पण करायला पंधरा मिनिटं पुरतील.

आधी पॉवर. ती पिवळी वीज टीव्हीची नाही, पायची आहे. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय ती दाखवतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय लागतो, मोबाइलच्या चार्जरवर कितीही वॅट लिहिलेले असोत, ५ व्होल्टवर तो ३ अँपिअर देतोच असं नाही, आणि केबल पातळ असली तर वाटेतच व्होल्टेज पडतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड असं चालवा, उत्तर शून्य एक्स शून्य आलं तर सगळं ठीक, ५०००५ आलं तर आत्ता ह्या क्षणी पॉवर कमी आहे, ५०००० म्हणजे मागे कधीतरी कमी पडली होती. पॉवर कमी असताना वायरलेसच्या मागे लागण्यात अर्थ नाही, एकदा जुळेल एकदा नाही आणि तुम्हाला कारण कळणार नाही.

आता पेअरिंग. कीबोर्डला स्क्रीन नसते आणि पायला कळत नाही की समोरचा कीबोर्ड तुमच्याच मांडीवरचा आहे का शेजाऱ्यांच्या घरातला. म्हणून पाय टीव्हीवर सहा आकडे दाखवतो आणि ते आकडे तुम्ही त्याच नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं असतं. टाइप करताना स्क्रीनवर काही उमटत नाही, त्यामुळे लोक थांबतात. थांबायचं नाही, सहा आकडे आणि एंटर, साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत. दुसरं, आकडे यूएसबी कीबोर्डवर टाइप करून उपयोग नाही, नव्यावरच करायचे.

तिसरं, कीबोर्डची १, २, ३ ही बटणं म्हणजे तीन वेगवेगळ्या खोल्या समजा. १ मध्ये टॅब राहतो. टॅबचं बिऱ्हाड हलवू नका, तुम्ही २ नंबर घ्या, बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकला पाहिजे. टॅबचं ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद ठेवा. बऱ्याच कीबोर्डमध्ये प्रत्येक खोलीचा ब्लूटूथ पत्ता वेगळा असतो, म्हणूनच तुम्हाला लिस्टमध्ये एकाच नावाच्या दोन ओळी दिसू शकतात, त्यातली जुनी ओळ धरून बसलात तर जन्मात पेअर होणार नाही.

आता चिन्हावरून न करता टर्मिनलवरून करा, तिथे काय बिघडलं ते शब्दांत कळतं. लॅपटॉपवरून एसएसएच करा, म्हणजे नेटवर्कवरून पायच्या टर्मिनलमध्ये शिरा, म्हणजे यूएसबी कीबोर्डची पण गरज नाही. ब्लूटूथसीटीएल लिहा, आत गेल्यावर पॉवर ऑन, मग एजंट ऑन, मग डिफॉल्ट-एजंट, मग स्कॅन ऑन. कीबोर्डचं नाव दिसलं की शेजारी बारा अक्षरांचा पत्ता असेल, तो कॉपी करा. आधी रिमूव्ह आणि तो पत्ता, म्हणजे अर्धवट राहिलेल्या जुन्या नोंदी जातील. पुन्हा स्कॅनमध्ये दिसला की पेअर आणि पत्ता. आकडे येतील, टाइप करा. पेअरिंग सक्सेसफुल आलं की ट्रस्ट आणि पत्ता, मग कनेक्ट आणि पत्ता. ट्रस्ट विसरू नका.

रामबागची_लेक | रविवार, दुपारी १.१०

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. थ्रॉटल्डचं उत्तर ५०००५ आलं! शेजारच्यांकडे पायचा ओरिजिनल सप्लाय पडून होता तो आणला, आता शून्य येतंय आणि पिवळी वीज गायब.

२ नंबर दाबून धरला, दिवा भराभर लुकलुकला. लॅपटॉपवरून एसएसएच करून सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. रिमूव्ह केलं, पेअर केलं, पण लॅपटॉपवर आकडे आलेच नाहीत, नुसतं अटेम्प्टिंग टू पेअर म्हणून थांबलं आणि अर्ध्या मिनिटाने ऑथेंटिकेशन फेल्ड. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच.

जेल_रोडवाला | रविवार, दुपारी १.२५

ताई, तुम्ही लॅपटॉपकडे बघत होतात. टीव्हीकडे कोण बघत होतं?

सांगतो का ते. कोड दाखवायचं काम एजंट करतो आणि तुमच्या पायवर दोन एजंट आहेत, एक तुमच्या ब्लूटूथसीटीएलचा आणि एक डेस्कटॉपवरच्या त्या ब्लूटूथ चिन्हाचा. दोघांपैकी जो डिफॉल्ट असेल त्याच्याकडे कोड जातो. डिफॉल्ट-एजंट लिहिल्यावर सक्सेसफुल आलं होतं का ते बघा. नाहीतर सोप्पं करा, लॅपटॉप घेऊन टीव्हीसमोरच बसा आणि दोन्हीकडे बघत राहा, आकडे कुठेही आले तरी चालतील, टाइप मात्र मांडीवरच्या कीबोर्डवरच.

आणि दर वेळी फेल झालं की परत रिमूव्ह आणि परत बटण दाबून धरणं, हे दोन्ही. एका बाजूची आठवण पुसली आणि दुसऱ्या बाजूची राहिली की दोघं एकमेकांना जुनीच चावी दाखवत बसतात.

रामबागची_लेक | रविवार, दुपारी २.०२

झालं!!!

आकडे टीव्हीवरच येत होते, काल पण तेच आले होते. डिफॉल्ट-एजंट मी एजंट ऑनच्या आधी लिहिलं होतं, त्यामुळे ते लागूच झालं नव्हतं. ह्या वेळी मी टीव्हीसमोर जमिनीवर बसले, बाबा खुर्चीत कीबोर्ड घेऊन, मी एक एक आकडा मोठ्याने वाचला आणि बाबांनी दाबला, मग एंटर, आणि पेअरिंग सक्सेसफुल! बाबांनी पहिलं काय केलं असेल तर स्पेसबार दहा वेळा दाबून बघितला, जुन्या टाइपरायटरची सवय. आईने कालचे उरलेले पोहे गरम करून जिरावण घालून दिले सगळ्यांना.

ग्वाल्हेरकर | रविवार, सायंकाळी ६.४०

अभिनंदन ताई. ग्वाल्हेरहून वाचतोय, एक शंका विचारतो. ब्लूटूथ कीबोर्डवरून कोणी दुसरा आपल्या मशीनमध्ये घुसू शकतो असं ऐकलंय, म्हणून मी अजून वायरवरच आहे. आमच्या घरी त्याच मशीनवर बँकेचं काम होतं. खरं आहे का हे?

टर्मिनल_काका | रविवार, रात्री ८.३०

प्रश्न योग्य आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एक खरोखरची त्रुटी जाहीर झाली होती, सीव्हीई-२०२३-४५८६६ ह्या नंबराने. लिनक्स, अँड्रॉइड, मॅक, आयफोन ह्या सगळ्यांवर तिचा परिणाम होता. जवळपास बसलेला माणूस आपलं यंत्र कीबोर्ड आहे असं सांगून तुमच्या मशीनला जोडू शकत होता, तुम्ही हो म्हणायच्या आतच, आणि मग तिकडून बटणं दाबू शकत होता. लिनक्समध्ये, म्हणजे पायवरही, ब्लूटूथ सांभाळतो तो ब्लूझेड, त्यात दुरुस्ती आली. आता नियम असा की ज्याच्याशी रीतसर पेअरिंग होऊन चावी साठवली गेलीय त्याच जुन्या पद्धतीच्या कीबोर्डला आत घ्यायचं, बाकीच्यांना नाही.

म्हणून पायवर सुडो ॲप्ट अपडेट आणि त्यानंतर सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड हे करून घ्या, आणि काम झालं की ब्लूटूथ डिस्कव्हरेबल, म्हणजे इतरांना दिसणं, बंद ठेवा, कीबोर्ड एकदा जोडला की त्याला डिस्कव्हरेबलची गरज नसते. ताईंनी लिहिलंय की त्यांचा पाय फोनला लगेच दिसतो, तर ताई, तुम्ही पण बंद करा. अपडेटनंतर कोणाचा जुना कीबोर्ड किंवा गेमपॅड जोडायचा बंद झाला तर घाबरू नका, रिमूव्ह करून नव्याने पेअर करून बघा, त्याची चावी साठवलेली नसण्याची शक्यता आहे.

बँकेचं काम करताना मी स्वतः वायरचाच कीबोर्ड वापरतो, ती माझी सवय आहे, तुम्हाला तसंच करा म्हणणार नाही.

रामबागची_लेक | सोमवार, सकाळी ९.०५

परत आले. सकाळी बाबांनी सहाला उठून स्वतः पाय चालू केला, मला उठवायचं नाही म्हणून, आणि कीबोर्ड जोडलाच नाही. हळू हळू लुकलुकतोय फक्त. बिचारे अर्धा तास बसून राहिले होते, मी उठले तेव्हा म्हणाले काही नाही गं, मी आठवत होतो कुठून सुरू करायचं ते. मला इतकं वाईट वाटलं. सगळं परत करायचं का रोज?

जेल_रोडवाला | सोमवार, सकाळी ९.२०

रोज नाही ताई, एकदाच. ब्लूटूथसीटीएलमध्ये इन्फो आणि कीबोर्डचा पत्ता लिहा आणि ट्रस्टेडच्या पुढे काय आहे ते बघा.

रामबागची_लेक | सोमवार, सकाळी ९.३१

ट्रस्टेड: नो. काकांनी विसरू नका लिहूनसुद्धा काल आनंदाच्या भरात ट्रस्ट करायचंच राहिलं.

जेल_रोडवाला | सोमवार, सकाळी ९.४०

मग ट्रस्ट करा, आणि रीस्टार्ट करून बघा. पेअर म्हणजे ओळख झाली, पण ट्रस्ट नसेल तर कीबोर्ड स्वतःहून परत आला की पाय आधी कोणालातरी विचारतो की ह्याला आत घेऊ का, आणि सकाळी सहाला उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. ट्रस्ट केलं की विचारत नाही.

नवीन मेमरी कार्डवर सुरुवात करणाऱ्यांसाठी अजून एक, एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएसचा जो पहिला सेटअप विझर्ड येतो तो स्वतःच पेअरिंगमध्ये असलेला ब्लूटूथ कीबोर्ड आणि माउस शोधून जोडतो. म्हणजे कीबोर्ड जोडायला कीबोर्ड पाहिजे हा जो जुना तिढा होता तो नवीन कार्डवर राहिलेला नाही. ताईंनी इमेजरमध्ये, म्हणजे कार्डवर सिस्टीम लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, आधीच यूझर बनवला असणार म्हणून त्यांना विझर्ड दिसलाच नाही.

रामबागची_लेक | मंगळवार, रात्री ९.५०

ट्रस्ट केल्यापासून स्वतःहून जोडतोय, दोन दिवस बरोबर. पण आता वेगळंच. बाबा टाइप करतात आणि मधेच अक्षर येत नाही, मग एकदम चार-पाच येतात, कधी एकच अक्षर लांब शेपटीसारखं येत जातं, कककककक असं. विशेषतः मी पायवर फोटो कॉपी करत असते तेव्हा. बाबांना वाटतं त्यांचीच बोटं अडतायत. त्यांना असं वाटू द्यायचं नाहीये मला, म्हणून लगेच लिहितेय.

पोहे_जिलबी | मंगळवार, रात्री १०.००

ताई फोटो कुठे कॉपी करता, बाहेरची एसएसडी ड्राइव्ह लावलीय का? निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला?

रामबागची_लेक | मंगळवार, रात्री १०.०४

हो, निळ्या पोर्टला, छोट्या केबलने, पायच्या डब्याला टेपने चिकटवलीय, दोन्ही टीव्हीच्या मागे.

पोहे_जिलबी | मंगळवार, रात्री १०.१८

सापडलं. काकांना सांगा त्यांची बोटं एकदम बरोबर आहेत.

यूएसबी ३ मधून डेटा धावतो तेव्हा त्याच्या केबल आणि कनेक्टरमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये ह्यावर पेपर काढला होता. आणि ब्लूटूथ चालतो २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे बरोबर त्याच गोंगाटात. तुमची एसएसडी पायच्या अँटेनापासून बोटभर अंतरावर बसून ओरडतेय आणि कीबोर्ड तिकडून खुर्चीतून हळू आवाजात बोलतोय. बटण सोडल्याचा निरोप हरवला की पायला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे, म्हणून कककक.

आणि मला माझं पहिलं मत बदलायला पाहिजे. मी डोंगल घ्या म्हटलं होतं, पण डोंगलवाले बहुतेक कीबोर्ड पण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि डोंगल तर निळ्या पोर्टच्या अगदी शेजारीच बसला असता. तुम्हाला हाच त्रास त्याच्यातही झाला असता, कदाचित जास्त.

टर्मिनल_काका | बुधवार, सकाळी ७.००

पोहे_जिलबीने अगदी नेमकं सांगितलंय, शाबास. त्यात थोडी भर घालतो.

एसएसडीला चांगली जाड, शील्ड असलेली केबल घ्या, एक मीटरची, आणि ती टीव्हीच्या मागून काढून खाली कॅबिनेटमध्ये ठेवा. अंतर हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. केबल मिळेपर्यंत एसएसडी काळ्या पोर्टला लावा, ते यूएसबी २ आहेत, कॉपी हळू होईल पण गोंगाट जाईल, आणि निदान पक्कं होईल.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. पायमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये आहेत आणि एकच अँटेना वाटून घेतात, वायफाय २.४ वर असेल तर दोघं आळीपाळीने बोलतात. आणि पायचा डबा धातूचा असेल तर बदला. टीव्हीची पाठ सुद्धा आतून पत्र्याची असते, पाय तिच्या मधोमध असण्यापेक्षा खालच्या कडेला, थोडा बाहेर डोकावेल असा लावा. अँटेनाला खुर्ची दिसली पाहिजे, अशा भाषेत विचार करा.

नर्मदाजल | बुधवार, दुपारी १२.१५

धाग्यात मधेच घुसतोय, माफ करा. माझा पाय ३ आहे, त्यात ब्लूटूथ आहे असं सगळीकडे लिहिलंय पण ब्लूटूथसीटीएलमध्ये काहीही लिहिलं की नो डिफॉल्ट कंट्रोलर अव्हेलेबल. पूर्वी मी त्याच्या पिनांवर जीपीएस मॉड्यूल लावलं होतं, ते आता काढलंय.

जेल_रोडवाला | बुधवार, दुपारी १२.४०

भिया, जीपीएस काढलं पण त्याच्यासाठी केलेली सेटिंग राहिली असणार. पाय ३ मध्ये ब्लूटूथची चिप आतल्या सिरियल पोर्टवरच बसलेली असते, आणि पिनांवर चांगला सिरियल पोर्ट पाहिजे म्हणून बरेच गाईड सांगतात की कॉन्फिग फाइलमध्ये डीटीओव्हरले, बरोबरचं चिन्ह (=), डिसेबल-बीटी अशी ओळ टाका. ती ओळ बूट, फर्मवेअर, कॉन्फिग डॉट टीएक्सटी ह्या फाइलमध्ये शोधा, जुन्या व्हर्जनला ती फाइल थेट बूटमध्ये असते. ओळ काढा, रीस्टार्ट करा. तेव्हा एचसीआययूएआर्ट नावाची सर्व्हिस पण बंद केली असेल तर परत एनेबल करा. तरीही नाही आलं तर आरएफकिल लिस्ट चालवून बघा ब्लूटूथ ब्लॉक्ड तर नाही.

नर्मदाजल | बुधवार, दुपारी १.०५

ती ओळच होती. तीन वर्षांपूर्वी मीच टाकलेली. आलं ब्लूटूथ. धन्यवाद भिया.

रामबागची_लेक | शुक्रवार, रात्री ८.२०

एसएसडी खाली कॅबिनेटमध्ये गेली, एक मीटरच्या केबलने, वायफाय ५ वर. कककक पूर्ण बंद. तीन दिवस झाले, एकदाही नाही. मी मुद्दाम मोठी फाइल कॉपीला लावून बाबांना टाइप करायला सांगितलं, तरी अक्षर अडलं नाही. बाबांना टर्मिनल_काकांचं अँटेनाला खुर्ची दिसली पाहिजे हे वाक्य फार आवडलं.

आता शेवटचे दोन प्रश्न. बाबा ईमेल लिहायला गेले तर ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह येतं आणि हॅशच्या जागी पाउंडची खूण. आणि मराठी. आत्तापर्यंत मी फोनवर टाइप करून पाठवत होते, पण त्यांना स्वतः लिहायचंय, कीबोर्डवरून, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची त्यांची तयारी नाही.

मालवी_मराठी | शुक्रवार, रात्री ९.१५

आतापर्यंत नुसता वाचत होतो, हा माझा विषय आहे म्हणून लिहितो.

पहिलं, कीबोर्डचं काही बिघडलेलं नाही. पायचा कीबोर्ड मुळात ब्रिटिश मांडणीवर ठेवलेला असतो, तिथे ॲट द रेट आणि अवतरणचिन्ह यांची अदलाबदल असते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश यूएस करा, किंवा इंग्लिश इंडिया विथ रुपी घ्या, त्यात उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाची खूण पण मिळते. पासवर्डमध्ये ॲट द रेट असणाऱ्या कितीतरी लोकांनी ह्यापायी आपला पासवर्डच चुकला असं समजून कार्ड नव्याने लिहिलंय, म्हणून हे आवर्जून सांगतो.

मराठीसाठी आयबस हा भाषा बदलायचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, त्यात मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींची प्रमाण कीबोर्ड मांडणी, निवडा. काकांनी टाइपरायटर चालवलाय म्हणता तर इनस्क्रिप्ट त्यांना आठवड्यात येईल असं मला खरंच वाटतं. बहुतेक स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के दाबलं की क, शिफ्ट के दाबलं की ख. डी म्हणजे हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचा. मराठी हा शब्द असा येतो: सी, जे, ई, मग शिफ्ट आणि अवतरणचिन्हाचं बटण, मग आर.

आणि आपली खास अक्षरं, ळ शिफ्ट एनवर आहे. दुसऱ्या, बिचाऱ्या ह्यातला ऱ्य लोकांना सापडत नाही आणि मग दुसर्‍या शब्दावर कसंतरी भागवतात, तो शिफ्ट जे, मग डी, मग स्लॅशच्या बटणावरचा य. झांक्यातला क्या आणि मिरवणुकीतला णु त्यांना रोज लागेल, तर ण शिफ्ट सीवर आहे. बटणांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर मिळतात, पण मी म्हणेन एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नकाशा काढून टीव्हीखाली ठेवा. स्टिकर लावले की नजर खाली जाते, आणि काकांची मान सांभाळायचीय ना.

रामबागची_लेक | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.००

सगळ्यांना सांगायला आले. पुठ्ठ्याचा नकाशा मी आणि भाच्याने मिळून काढला, स्वर लाल, व्यंजनं काळी. पहिले चार दिवस बाबा दिवसाला दोन ओळी लिहायचे. आता पान होतं.

मधे एकदा परत अडलं होतं, पण ह्या वेळी त्यांनी स्वतःच शोधलं. चहाला उठून परत आले की पहिलं अक्षर गायब व्हायचं, बांबू लिहिलं की ांबू यायचं. त्यांनी दोन दिवस निरीक्षण केलं आणि मला सांगितलं की हा कीबोर्ड थोडा वेळ हात लावला नाही की झोपतो, आणि पहिलं बटण त्याला उठवण्यात जातं. मी इथे जुने धागे वाचून बघितलं तर अगदी तसंच आहे, बॅटरी वाचवायला तो झोपतो आणि परत जोडायला एखादा सेकंद घेतो. त्यावर त्यांचा उपाय असा की आधी नुसतं शिफ्ट दाबायचं, त्याने काही उमटत नाही, एक श्वास घ्यायचा आणि मग लिहायला लागायचं.

आत्ता हे मी स्वयंपाकघरातून लिहितेय आणि हॉलमधून बटणांचा आवाज येतोय. झांकीच्या हत्तीची सोंड हलवायला सायकलची चेन कशी वापरली होती तिथपर्यंत आलेत, सहावं पान चालू आहे. मालवी_मराठी, त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय की ज्ञ कुठे आहे, वेगळ्या बटणावर का ज आणि ञ जोडून.

मालवी_मराठी | रविवार, सकाळी ११.२५

जोडूनच करा, पी, डी, मग शिफ्ट आणि उजवा चौकटी कंस. काकांना माझा नमस्कार सांगा, आणि सोंडेचं पान झालं की इथे टाका, माझे आजोबा पण त्याच मिरवणुका बघायला रात्रभर राजवाड्यावर उभे राहायचे.